कुत्र्याविषयीचा ठराव

रविवारच्या जेवणानंतर कुत्र्याचा निकाल लावायचा, हे रूएलने फोनवरच ठरवून टाकलं होतं. जेवणाआधी नको, कारण जेवण बेचव होईल. चर्चच्या आधी नको, कारण मग प्रार्थनेत लक्ष लागणार नाही. रूएल हा व्हेस्टाचा थोरला भाऊ आणि गावातल्या बाप्टिस्ट चर्चचा डीकन, म्हणजे कारभारी. लग्नं, गळकी छपरं, आजारी गाई, बांधाची भांडणं, सगळ्यांचे निकाल तो रविवारी दोन ते चारच्या दरम्यान लावत असे आणि चार वाजता झोपत असे. चारनंतर कुणाचं घर जळालं तरी ते सोमवारवर जाई.

ज्याचा निकाल लागायचा होता तो त्यांच्या बापाच्या, होबर्टच्या, खुर्चीखाली पसरला होता. तेरा वर्षांचा शिकारी कुत्रा, अंगभर निळसर ठिपके, एक कान रॅकूनने अर्धा नेलेला. नाव प्रीचर, म्हणजे प्रवचन देणारा. हे नाव होबर्टनेच ठेवलं, कारण पिल्लू असताना तो एकदा सुरू झाला की तासभर थांबत नसे आणि थांबला की लगेच जेवायला मागे. नावाबद्दल चर्चमध्ये दोनदा नाराजी व्यक्त झाली होती. दुसऱ्यांदा खुद्द पाद्रीबाबांनी केली, आणि तीही तासभर.

टेबलावर बीन्सचं पातेलं, कॉर्नब्रेडचा बिडाचा तवा आणि राज्याच्या शेतीखात्याचा कागद, अशा तीन गोष्टी होत्या. पहिल्या दोन संपल्या. तिसरी उरली.

भानगड केकची होती. व्हेस्टा सुक्या सफरचंदांचा थरांचा केक करायची. आठ थर, भाकरीसारखे पातळ आणि तितकेच कडक. कणकेत गोड ज्वारीची काकवी. मधे मसाला घालून शिजवलेली सुकी सफरचंदं. रचून झाला की दोन दिवस झाकून ठेवायचा, मग थर आपोआप मऊ पडतात. मोज्यांचा कारखाना बंद पडल्यापासून सहा वर्षं ती हा केक गावातल्या हार्डिनच्या दुकानात ठेवत होती, धुतल्या फडक्यात गुंडाळून. सहा वर्षांत खाऊन कुणाला काही झालं नाही. झालं असेल तर त्यांनी सभ्यपणे सांगितलं नाही. मग ऑगस्टमध्ये काउंटरपाशी कुणीतरी विचारलं की या केकला लेबल का नाही. हार्डिन घाबरट माणूस. त्याने व्हेस्टाला सांगितलं, घरच्या स्वयंपाकघराची मंजुरी आण, नाहीतर सफरचंदाच्या जत्रेपासून मी डोंगरापलीकडच्या बाईचा केक ठेवतो. जत्रेला आता तीन आठवडे उरले होते.

केक गेला तर व्हेस्टाला चाळीस मैलांवरच्या गोदामात पाळी धरावी लागणार होती. मग दिवसभर होबर्टपाशी कोण? त्याने आयुष्य अभ्रकाच्या खाणीत काढलं होतं आणि खाणीने त्याच्या फुफ्फुसात बारीक दगडाची पूड भरून त्याला घरी पाठवलं होतं. नाकात नळी, शेजारी घरघरणारं ऑक्सिजनचं मशीन. एकटा राहिला तर एका आठवड्यात काउंटीच्या वृद्धाश्रमात, आणि तिथे गेलेला गावातला कुणीही अद्याप परत आलेला नव्हता. थोडक्यात, व्हेस्टा केक करत होती तो डॅडींना घराबाहेर जावं लागू नये म्हणून.

म्हणून तिने नियम पाळायला घेतले. विहिरीचं पाणी तपासून आणलं. दिव्यांना झाकणं लावली. लेबलावर कणीक आधी लिहायची की सफरचंद, हे ठरवायला सगळा माल तोलून काढला. आणि तिसऱ्या पानावर अडकली. तिथं लिहिलं होतं की पदार्थ ज्या घरात तयार होतात त्या घरात कोणताही प्राणी कोणत्याही वेळी असता कामा नये. स्वयंपाकघरात नव्हे, घरात. झोपलेला असला तरी.

तिने आधीच्या आठवड्यात प्रयोग करून पाहिला होता. कुत्र्याला गोठ्यात बांधलं. दुपारी पाहते तर खुर्ची रिकामी. होबर्ट गोठ्यात गवताच्या गंजीवर बसला होता, लहान सिलिंडर मांडीवर, ओठ निळे, आणि कुत्रा त्याच्या बुटावर हनुवटी टेकून. तिने विचारलं, इथे काय करताय? तो म्हणाला, तू याला हलवलंस तिथं आलोय. यात हट्ट होता तसाच हिशेबही होता. झोपेत होबर्टचा श्वास अडकायचा, आणि अडकला की प्रीचर नाकाने त्याची बरगडी ढोसून त्याला उठवायचा. डॉक्टरांनी दिलेलं यंत्रही अशा वेळी पिपाणी वाजवत असे, पण यंत्राला होबर्ट दाद देत नव्हता.

"सुरुवात करू," रूएल म्हणाला आणि त्याने घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

गार्नेट भावंडांत सगळ्यांत धाकटी. शार्लट शहरात दातांच्या दवाखान्यात पुढच्या टेबलाशी बसायची. वर्षातून दोनदा घरी यायची, दोन्ही वेळा रडायची आणि मग दोन तास गाडी चालवून परत जायची. तिने कुत्र्याची बाजू घेतली. ती म्हणाली की आजारी माणसांसाठी कुत्र्यांना सरकारी कागद मिळतो, दवाखान्यात तसे कुत्रे येतात, एक तर दात काढताना मालकाचा हात चाटत बसला होता. व्हेस्टाने सांगितलं की तिने तोही फोन करून पाहिला. तिकडची बाई म्हणाली, विचारून सांगते. त्याला बारा दिवस झाले, बाई अजून विचारतेच आहे.

मग ऑर्लीनाने वृद्धाश्रमाचं नाव काढलं. ऑर्लीना म्हणजे रूएलची बायको. चर्चच्या स्वयंपाकघराच्या किल्ल्या तिच्या कमरेला असत आणि त्या वाजल्या की बाकीच्या बायका भांडी आपटणं बंद करत. ती म्हणाली, तिथं वाईट नाही, आठवड्यातून दोनदा बिंगो असतो. हे ती होबर्टकडे न बघता बोलली, जणू होबर्ट आधीच तिथं पोचला आहे आणि आता त्याला फक्त कळवायचं आहे.

गार्नेट म्हणाली, "चर्चचं स्वयंपाकघर आहे की. तिथं कुठे कुत्रा आहे? व्हेस्टाला तिथं करू दे."

"तिथं लोक प्रार्थना करून जेवतात," ऑर्लीना म्हणाली. "तिथं धंदा होत नाही."

ऑर्लीनाही तोच केक करायची. डब्यातलं सफरचंद घालून. चर्चच्या जेवणात तो नेहमी शेवटपर्यंत उरायचा, आणि उरलेला रूएल आठवडाभर खायचा. व्हेस्टा इतका वेळ ताटल्या एकात एक रचत होती. ती थांबली. तीन आठवडे जी शंका तिने कणकेबरोबर मळली होती ती तिने आता विचारली, अगदी हळू आवाजात.

"हार्डिनकडे लेबलाचं कुणी विचारलं, ऑर्लीना?"

ऑर्लीनाने फडक्याने तोंड पुसलं. "मी नुसतं विचारलं. विचारण्यात काय पाप आहे?"

रूएल बायकोकडे बघतच राहिला. त्याला ठाऊक नव्हतं, हे त्याच्या कानांवरून कळत होतं. रूएलचे कान त्याच्या मनाविरुद्ध लाल व्हायचे. येताना तो कुत्र्याच्या विरुद्ध निकाल देणार होता, हे सगळ्यांना माहीत होतं. आता त्याला कुत्र्याच्या विरुद्ध बोलता येईना आणि बायकोच्या विरुद्ध तर बावीस वर्षांत आलं नव्हतं. मग लाजलेला माणूस जे करतो ते त्याने केलं. घरातली एक वस्तू देऊ केली.

"माझा शिकारीत झोपायचा ट्रेलर घे," तो व्हेस्टाला म्हणाला. "आणून उभा करतो अंगणात. कुत्रा तिथं राहील. ट्रेलर म्हणजे काही घर नाही. त्याला चाकं आहेत."

"टायर नाहीत," होबर्ट म्हणाला.

जेवण सुरू झाल्यापासून तो पहिल्यांदाच बोलला. सगळे त्याच्याकडे वळले. होबर्टला एक वाक्य पुरं करायला दोन श्वास लागत, त्यामुळे तो बोलायला लागला की माणसं आपोआप चमचे खाली ठेवत.

"कुत्रा तिथं एकटा राहणार नाही, डॅडी," व्हेस्टा म्हणाली. "तुम्ही परत त्याच्यामागे जाल."

"तो कागद वाच, रूएल. सगळा."

रूएलने चष्मा लावला आणि सगळा वाचला. बारा पानं. चर्चमध्ये वाचायचा त्याच आवाजात वाचला, त्यामुळे दिव्यांच्या झाकणांपाशी गार्नेटचे डोळे सवयीने मिटले. वाचून झालं तेव्हा तीनला वीस मिनिटं कमी होती.

"माझ्याबद्दल काही आहे का त्यात?" होबर्टने विचारलं.

रूएलने पानं उलटून पाहिली. "नाही."

"बाप घरात असलाच पाहिजे, असं कुठं?"

"नाही."

"मग सोपं आहे," होबर्ट म्हणाला आणि दुसरा श्वास घेतला. "ठराव मांडतो. मी आणि कुत्रा, दोघांनी ट्रेलरमध्ये राहावं."

कुणीच हसलं नाही. या घरात ठराव ही हसण्याची गोष्ट नव्हती. होबर्टचा बाप चर्चच्या सभा ज्या रीतीने चालवायचा त्याच रीतीने त्याने घरही चालवलं: कुणीतरी ठराव मांडायचा, कुणीतरी अनुमोदन द्यायचं, हात वर करायचे, आणि मग त्यावर पुन्हा बोलायचं नाही. व्हेस्टाच्या आईचं या घरात लग्न होऊन येणंही ठरावाने झालं होतं, चार विरुद्ध तीन.

"डॅडी, स्वतःबद्दल असा ठराव मांडता येत नाही," रूएल म्हणाला.

"कुठं लिहिलंय?"

ते कुठं लिहिलं होतं हे रूएलला आठवेना. तेवढ्यात ऑर्लीनाने अनुमोदन दिलं. तिचा आवाज इतका चटकन आला की किल्ल्या मागाहून वाजल्या.

होबर्टचा हात आधीच वर होता. ऑर्लीनाचा गेला. गार्नेटने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले आणि ती रडायला लागली. तिचं मत विरोधात धरण्यात आलं. रूएल अध्यक्ष, मतं सारखी पडली तरच तो हात वर करणार. राहिली व्हेस्टा.

तिला हिशेब स्वच्छ दिसत होता. तिने नाही म्हटलं की दोन विरुद्ध दोन. मग रूएल. आणि लाल कानांचा रूएल आज कुत्र्यालाच काय, गायीलाही घरात राहू दे म्हणाला असता. ठराव पडला असता. डॅडी या खुर्चीत राहिले असते, कुत्रा खुर्चीखाली, आणि जत्रेच्या सोमवारपासून ती पहाटे साडेचारला गोदामाकडे निघाली असती. तिने बापाकडे पाहिलं. तो तिच्याकडे बघत नव्हता. वर केलेला हात त्याने दुसऱ्या हाताने कोपरापाशी धरून ठेवला होता, कारण त्याला तो फार वेळ वर ठेवता येत नसे.

तो हात कधी एकदा खाली येतो असं तिला झालं. तिने आपला वर केला.

"ठराव संमत," रूएल म्हणाला. तीन विरुद्ध एक. मग गार्नेटने नाक पुसून विचारलं, एकमत झालं असं लिहिलं तर बरं दिसेल का? कारण चर्चमध्ये तसं करतात, भांडण झाल्याचं कागदावर राहू नये म्हणून. रूएल म्हणाला, दिसेल. मग तिनेही हात वर केला. कुत्र्याला मत नव्हतं. तो तोवर टेबलाखाली कॉर्नब्रेड खात होता.

चार वाजता रूएल झोपला.

सोमवारी ट्रॅक्टरला जोडून ट्रेलर उघड्या रिमांवर ओढत अंगणात आणला आणि विटांवर उभा केला. आत एक पलंग, एक खिडकी आणि भिंतीवर कुठल्याशा बंदुकांच्या कंपनीचं नऊ वर्षांपूर्वीचं कॅलेंडर. ओसरीतून एक नारिंगी वायर नेऊन मशीन लावलं. होबर्टला खुर्चीसकट उचलून नेलं. प्रीचर मागून आला, ट्रेलरची पायरी हुंगली आणि असा आत शिरला जणू इतकी वर्षं याचीच वाट बघत होता.

सोमवारपासून तीन दिवस व्हेस्टा कुत्र्याचे केस काढत होती. गालिच्यात केस, पडद्यात केस, घड्याळाच्या आत केस. ती एकेक खोली धूत गेली तसतशी घरातून कुत्र्याबरोबर बापही निघत गेला: तंबाखूचा वास, खुर्चीच्या पाठीवरचा डोक्याचा तेलकट डाग, खिडकीच्या काचेवर त्याच्या कपाळाचा ठसा. वेगळं करता येण्यासारखं नव्हतं. तिने सगळंच धुतलं. जेवण ती ट्रेलरमध्ये नेऊन द्यायची, कारण कुत्रा एकटा राहिला की गळा काढायचा. परत आली की दारातच कपडे बदलायची, हात कोपरापर्यंत धुवायची. दिवसातून पाच खेपा व्हायच्या. बुधवारी तीन झाल्या.

गुरुवारी तपासणीची बाई आली. मिसेस ट्रॉक्सेल, पन्नाशीची, मऊ बुटांची, काखेत कागद अडकवायची फळी. बाई चांगली होती, हेच वाईट झालं. व्हेस्टाने भांडायची तयारी ठेवली होती. बाईंनी फ्रिजच्या डोक्यावरून बोट फिरवलं आणि बोट बघून मान डोलावली. पाण्याचा कागद पाहिला. लेबल पाहिलं आणि अक्षर सुंदर आहे म्हणाल्या. आपली आजीसुद्धा हा केक करायची, पण सात थरांचा, असं सांगून त्यांनी आजीबद्दल क्षमा मागितल्यासारखं हसून घेतलं.

मग त्या टेबलाशी बसून फळीवरचा कागद भरू लागल्या.

"घरात प्राणी?"

"नाहीत, मॅम."

"घरात आणखी कोण कोण राहतं?"

प्रश्न अगदी साधा होता. त्याचं कुठलंही उत्तर चाललं असतं. माझे वडील, ते सध्या अंगणात असतात, असं सांगितलं असतं तरी बाईंचं पेन थांबलं नसतं, हे व्हेस्टाला नंतर कळलं. तेव्हा तिला एवढंच दिसलं की वडील म्हटलं की कुत्रा येणार, कुत्रा म्हटलं की केस, आणि केस म्हटलं की बाई पुन्हा वाकून बघणार.

"कुणी नाही," ती म्हणाली. "मी एकटीच राहते."

बाईंनी लिहून घेतलं. सिंकवरची खिडकी उघडी होती. पलीकडे दहा पावलांवर ट्रेलरची खिडकी, तीही उघडी. तिथून मशीनची घरघर येत होती, आणि मधूनमधून येणारा होबर्टचा खोकला बराच वेळ आला नव्हता.

जाताना मिसेस ट्रॉक्सेलनी ट्रेलरकडे बोट दाखवून विचारलंच. व्हेस्टा म्हणाली, माझे वडील असतात तिथं. "छान," बाई म्हणाल्या, "जवळच आहेत म्हणजे." मंजुरीचं पत्र पोस्टाने येईल, पण आजपासून करायला हरकत नाही.

व्हेस्टा धावत ट्रेलरकडे गेली, कपडे बदलायचे आहेत हे विसरून. होबर्ट पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडला होता. डोळे मिटलेले. तो झोपला नव्हता. झोपला असता तर श्वास असा एकसारखा चालला नसता. प्रीचरने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि डोकं पुन्हा खाली ठेवलं. ती उभी राहिली, पांघरूण नसतानाही नीट केल्यासारखं केलं आणि परत आली.

संध्याकाळी रूएलचा फोन आला. देवाची कृपा, तो म्हणाला. ऑर्लीनाने दोन केक सांगितले, चर्चच्या जेवणासाठी, लेबलासकट.

हार्डिनला सोमवारी सहा केक हवे होते, म्हणजे अठ्ठेचाळीस थर. शनिवारी व्हेस्टा पहाटेपासून लाटत होती. सकाळी ती ट्रेलरकडे एकदाच जाऊन आली. अकराच्या सुमाराला पडवीच्या दारावर टकटक झाली. तिला वाटलं, हार्डिनचा माणूस. हात पिठाचे, म्हणून तिने कोपराने जाळीचं दार ढकललं.

होबर्ट उभा होता. दाढी केलेली, हनुवटीवर कापलेलं. अंगात दफनाला घालायचा कोट, हॅट हातात, लहान सिलिंडर चाकांच्या गाडीवर. कुत्रा त्याने पायरीच्या खांबाला बांधला होता आणि दोर तीनदा गुंडाळला होता. हे दार त्याने स्वतः बसवलं होतं, चौकटीसकट, आणि त्यावर कधी टकटक केली नव्हती. या घरात शिरताना तो दाराला खांदा द्यायचा.

"काम चालू आहे का?" त्याने विचारलं.

"डॅडी, या ना आत. बसा."

"नको. पीठ आहे सगळीकडे." तो एक श्वास थांबला. "वास आला म्हणून आलो. जास्तीचं काही असेल तर."

तिने खुर्ची ओढली. तो उंबऱ्याच्या बाहेरच राहिला. आत डोकावूनही पाहिलं नाही त्याने. त्याची नजर चौकटीच्या कडेवर होती, कुणाच्या घरी गेल्यावर सभ्य माणसाची असते तशी. ती दोनदा म्हणाली या, तिसऱ्यांदा म्हणायला तोंड उघडलं आणि ओव्हनचं घड्याळ वाजलं. थर बाहेर काढावे लागले. एक कडेला तुटला होता. तो तिने बशीत घेतला, वर चमचाभर शिजवलेलं सफरचंद घातलं आणि बशी दारातून बाहेर दिली.

होबर्टने हॅट काखेत धरून ती दोन्ही हातांनी घेतली.

"थँक यू, मॅम," तो म्हणाला.

त्याने दोर सोडला. सिलिंडरची गाडी अंगणातल्या खड्यांवरून खडखडत गेली, कुत्रा तिच्या बाजूने. ट्रेलरच्या पायरीपाशी तो थांबला, श्वास जमवला आणि वर चढला. व्हेस्टा दार धरून उभी होती. मग तिने दार लावलं, सिंकपाशी जाऊन हात कोपरापर्यंत धुतले आणि पुढचा थर लाटायला घेतला. अजून एकोणतीस राहिले होते.